काट्याची साक्ष

सहा महिन्यांच्या व्हिसावर परदेशी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांचे दिवस कसे जातात, हे आता सांगली-कोल्हापूरकडच्या पुष्कळ घरांना ठाऊक झाले आहे. पहिला महिना पाहण्यात जातो, दुसरा बोलण्यात. तिसऱ्यापासून खिडकीतून दिसणारा रस्ता पाठ होऊ लागतो. आईला निदान स्वयंपाकघर असते. वडिलांना मात्र कोणीच काही करू देत नाही. "आप्पा, तुम्ही आराम करा," हे वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते. ऐकणाऱ्याला ते दिवसेंदिवस जड होत जाते.

इंग्लंडमध्ये कोव्हेंट्री येथे मुलाकडे गेलेल्या अशाच एका गृहस्थांची ही हकीकत आहे. वीज मंडळाच्या मीटर-चाचणी विभागात त्यांची छत्तीस वर्षे गेली. मुलगा संगणक-अभियंता. त्याने दोन वर्षांपूर्वी हौसेने एक जुनी मोटार घेतली होती: १९६६ सालची एमजीबी, दोन आसनांची, उघड्या टपाची, १,७९८ सी.सी.च्या चार सिलिंडरच्या इंजिनाची. या जातीच्या मोटारी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत. पाच लाखांहून अधिक बाहेर पडल्या, म्हणून तिला दुर्मीळ म्हणता येत नाही. पण तिकडच्या हौशी लोकांत तिला फार मान आहे.

मुलाने त्या वसंतात गाडीत एक सुधारणा केली. जुन्या गाडीत कॉइलचा प्रवाह तोडण्याजोडण्याचे काम कॉन्टॅक्ट पॉइंट करतात. आपल्याकडचे गॅरेजवाले ज्याला डेल्को म्हणतात, त्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली ते बसलेले असतात. ते झिजतात, जळतात, त्यांची फट पुनःपुन्हा लावावी लागते. त्याऐवजी आता एक छोटे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळते. बाहेरून गाडी जुनीच दिसते आणि आतली कटकट संपते. मुलाने ते बसवले. गाडी एका झटक्यात सुरू होऊ लागली. मात्र त्याच दिवसापासून टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा वेड्यासारखा वागू लागला. इंजिन मंद चालत असताना तो ९०० ते १,४०० मध्ये डुलत राही. ३,००० च्या पुढे गेला की एकाएकी ४,५०० वर उडी मारी आणि तेथून २,००० वर कोसळे.

फेऱ्यांचा काटा बिघडला तर बिघडला, गाडी तर चालते आहे, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. परंतु या गाडीच्या तबकडीवर लाल पट्टा ६,००० पासून सुरू होतो, आणि कितीही जपलेले असले तरी जवळजवळ साठ वर्षांचे ते इंजिन त्या पट्ट्यात नेणे म्हणजे मोठ्या खर्चाला आमंत्रण देणे होय. चालवणारा काट्यावर विसंबून असतो, म्हणूनच काटा खोटे सांगू लागला की बंद काट्यापेक्षाही तो वाईट.

मुलाने दोन रात्री खर्ची घातल्या. कोणी सांगितले म्हणून कॉइलच्या ऋण टोकापासून एक तार मीटरपर्यंत ओढून पाहिली; उपयोग झाला नाही. अखेर त्याने ठरवले की मीटर काढून पाठवून द्यायचे. त्याची मूळ तबकडी आणि काटा ठेवून आतील सारे जुने भाग फेकून नवे सर्किट बसवून देणारे कारागीर तिकडे आहेत. पुठ्ठ्याची पेटी तयार झाली, पत्ता लिहून झाला. सोमवारी टपालात टाकायची होती.

शनिवारी सकाळी आप्पा चहाचा पेला घेऊन गॅरेजात आले आणि पेटीकडे पाहून म्हणाले, "मीटर बिघडले हे कोणी ठरवले?"

"काटा उडतोय, आप्पा. दिसतंय की."

"काटा उडतो हे लक्षण झाले. पुरावा काय?"

मुलगा हसला. त्याला वाटले, वडील नोकरीतले जुने बोलणे बोलत आहेत. आणि ते खरेही होते. मीटर-चाचणी विभागात ग्राहकाची तक्रार नेहमी एकच असते, की मीटर चुकीचे आहे. आप्पांनी स्वतःसाठी एक क्रम ठरवून घेतला होता: आधी भार पाहायचा, मग जोडणी, आणि शेवटी मीटर. हा क्रम त्यांना कोणा पुस्तकाने शिकवला नव्हता. तरुणपणी त्यांच्या हातून एक चूक झाली होती. एका तेलगिरणीचे मीटर एकाएकी एकतृतीयांशच वीज नोंदवू लागले. त्यांनी तेथल्या तेथे शेरा मारला, मीटर सदोष, हस्तक्षेपाची शंका. गिरणीच्या मालकाकडे गाव महिनाभर चोर म्हणून पाहत होते. मग नवे मीटर बसले आणि तेही एकतृतीयांशच नोंद करू लागले. शोध घेता आढळले, की दुरुस्तीच्या वेळी तीनपैकी एका फेजच्या सीटीची, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरची, दोन टोके उलट जोडली गेली होती. तो फेज बेरजेऐवजी वजाबाकी करीत होता. मीटर निर्दोष होते आणि मालकही. ही गोष्ट आप्पांनी घरी कधी सांगितली नव्हती. त्या सकाळी गॅरेजात पहिल्यांदा सांगितली, तीही पेल्यातला चहा संपेपर्यंत, थोडक्यात.

पेटी तशीच राहिली. मीटर पुन्हा जागेवर बसले.

पहिला प्रश्न भाराचा, म्हणजे इंजिनाचा. काटा कोसळतो तेव्हा इंजिनही अडखळते का? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्या वर्षीच्या एमजीबीत किल्लीपासून कॉइलकडे जाणारी पांढरी तार मीटरच्या पाठीवरून वळसा घेऊन जाते. म्हणजे इंजिनाच्या ठिणगीचा सगळा प्रवाह मीटरच्या अंगावरून वाहतो. वाटेतली एखादी जोडणी ढिली असेल, तर काट्याच्या उड्या ही केवळ सूचना असते. पुढची पायरी म्हणजे भर रस्त्यात, मागून लॉरी येत असताना, इंजिन बंद पडणे. मीटर काढून टाकले म्हणून हा धोका टळला नसता. उलट त्या तारेला घाईघाईने मारलेला सांधा हाच नवा धोका ठरला असता.

दोघे गाडी घेऊन बाहेर पडले. आप्पांनी डोळे मिटले आणि मुलाला सांगितले, काटा पडला की नुसते 'पडला' म्हण. पाच-सहा वेळा काटा पडला. इंजिनाचा आवाज मात्र एकदाही बदलला नाही. ठिणगी अखंड होती. खोटे बोलत होता तो काटा किंवा त्याला कोणी चुकीची बातमी देत होते.

मग जोडण्या. मुलगा आसनाखाली डोके घालून उताणा झोपला, आप्पांनी बॅटरी धरली. अशा वेळी सगळ्यांत कष्टाचे काम कोणाचे, यावर दोघांचे एकमत होणे कठीण. मीटरची काळी तार, म्हणजे अर्थिंगची, त्याच्या पाठीमागच्या खाचेरी नटाखाली असते. मागच्या वर्षी मुलाने डॅशबोर्डला नवा रंग दिला होता. रंगाचा पातळ थर त्या नटाखाली गेला होता. वळणदर्शक दिवा लावला की काटा त्याच तालावर थरथरतो, हे आप्पांनी आधीच टिपले होते. अर्थिंग कच्चे असल्याची ही खूण. घरातही पंखा लावला की दिवा मंदावतो तेव्हा तार शोधावी लागते, तसेच. रंग खरवडला, तारेचे टोक चकचकीत केले, नट आवळला. मंद गतीवरचे डुलणे जवळजवळ थांबले. मुलाच्या टायमिंग लाइटवर ८२० फेरे दिसत होते, आणि काटा ८०० च्या थोडा पुढे उभा होता. पण ३,००० च्या पुढची उडी तशीच.

"आता तरी मीटर?" मुलाने विचारले.

"आता जुने पॉइंट परत बसव."

येथे मुलाचा धीर सुटण्याच्या बेतात आला. तासभराचे काम, तेही मागे जाण्याचे. परंतु संशयित दोन असतील तर त्यांपैकी एकाला बाजूला करून पाहण्यावाचून दुसरा उपाय नसतो, आणि जुने पॉइंट व कंडेन्सर डब्यात जपून ठेवलेले होतेच. पंधरा हजारांश इंचाची फट लावून पॉइंट बसवले. गॅरेजचे दार उघडे ठेवून इंजिन सुरू केले. १,०००, २,०००, ३,०००, ४,०००. काटा तेल घातल्यासारखा चढला आणि तसाच उतरला.

मुलगा काही वेळ बोलला नाही. सोमवारी तो एका निर्दोष मीटरची आतडी काढून फेकायला पाठवणार होता.

अनेक हौशी मालक ज्या जागी फसतात ती हीच. मीटर जुने आणि मॉड्यूल नवे, म्हणून दोष जुन्याचा, असे गृहीत धरले जाते. मॉड्यूलही निर्दोष असू शकते. दोघांचे एकमेकांशी पटत नाही, एवढेच. का पटत नाही, हे कळायला मीटर काय मोजते ते पाहावे लागते. चार सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल, तर मिनिटाला ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह एकदा चालू होऊन तुटतो. टॅकोमीटर हे तुटणे मोजतो आणि काट्यावर त्याची सरासरी दाखवतो. स्मिथ्स कंपनीच्या मीटरांत हे मोजण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेल्या असतात. 'आरव्हीसी' असेल, तर ते कॉइलच्या ऋण टोकाला जोडलेले असते आणि तेथला विजेचा दाब पाहते. 'आरव्हीआय' असेल, तर ते दाब पाहतच नाही. तारेतून वाहणारा प्रवाह पाहते. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. मुलाने कॉइलपासून ओढलेली तार आरव्हीसीच्या उपचारातली होती. त्याचे मीटर आरव्हीआय होते. दोन रात्री वाया गेल्या त्या चार-पाच मिलिमीटरची अक्षरे न वाचल्यामुळे. दस्तऐवजाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरेच शेवटी महागात पडतात, हे ज्यांनी कर्जाची कागदपत्रे हाताळली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

वाचनाचा विषय निघाला म्हणून आप्पांनी मॉड्यूलबरोबर आलेले पत्रक मागितले. मुलाने ते घडी न मोडता ठेवले होते. त्यात स्पष्ट म्हटले होते, की प्लगच्या तारा कार्बनच्या गाभ्याच्या असाव्यात, नुसत्या तांब्याच्या नकोत. तांब्याच्या तारांतून उठणारा विद्युत-गोंगाट इलेक्ट्रॉनिक भागांना सोसत नाही. गाडीत तांब्याच्याच होत्या. रविवारी नव्या तारा आणल्या, मॉड्यूल पुन्हा बसवले. उडी आता ३,००० ऐवजी ३,८०० च्या पुढे येऊ लागली. सुधारणा झाली, बरे झाले नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर वहीत नोंद करायची, हे आता मुलालाही न सांगता समजले होते.

संध्याकाळी आप्पांनी मीटरची पाठ आरशात पाहिली. पांढरी तार प्लास्टिकच्या एका लहान ठोकळ्यातून वळसा घेऊन परत जात होती. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "हा तर सीटी आहे, बाळ."

वीज खात्यात टाँग टेस्टर नावाचे एक साधन असते. त्याचा चिमटा तारेभोवती मिटला, की तार न तोडता तिच्यातला प्रवाह वाचता येतो. प्रवाह फार थोडा असेल आणि काटा नीट हलत नसेल, तर जुने कामगार एक युक्ती करतात: तीच तार चिमट्यातून दोनदा नेतात. चिमट्याला प्रवाह दुप्पट जाणवतो. आलेला आकडा दोनाने भागायचा. या ठोकळ्यात हेच चालले होते. पॉइंट तुटताना कंडेन्सरच्या सोबतीने प्रवाहाला जे हेलकावे बसतात, त्यांची या जुन्या मीटरला सवय होती. मॉड्यूल प्रवाह निराळ्या रीतीने तोडते, आणि ती थाप या मीटरला पुरेशी स्पष्ट ऐकू येत नव्हती. बहिऱ्या माणसाने काही शब्द गाळावेत आणि काही दोनदा ऐकल्यासारखे करावेत, तसे ते वागत होते.

"मग आणखी एक वेढा द्यायचा?" मुलाने विचारले. "पण मग काटा दुप्पट नाही का दाखवणार?"

"टाँग टेस्टर किती प्रवाह ते मोजतो. हे मीटर किती वेळा तुटला ते मोजते. मोठ्याने हाक मारली म्हणून दोनदा मारल्यासारखी होते का?"

तरी त्यांनी सावधगिरी सोडली नाही. वेढा जास्त झाला, तर एका तुटण्याची दोनदा गणना होण्याचा संभव असतो; म्हणून एकच वेढा आणि लगेच पडताळणी. त्यांनी आधी आणखी एक चौकशी केली. मूळची १९६६ ची गाडी म्हणजे बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली; १९६७ नंतर या गाड्यांत ती पद्धत उलट झाली. मुलाच्या गाडीतही जुन्या कोणा मालकाने ऋण बाजू सांगाड्याला जोडून घेतली होती. अशा वेळी आरव्हीआय मीटरच्या आतही बदल करावा लागतो आणि बाहेरच्या वेढ्याची दिशा उलटवावी लागते. पावत्यांच्या जाड फायलीत त्या कामाची पावती सापडली, मीटरमध्ये बदल केल्याच्या नोंदीसह. सीटीची टोके एकदा उलट जोडलेली पाहिलेल्या माणसाने ती पावती दोनदा वाचली.

बॅटरीचे टोक सोडवून, त्याच जाडीची थोडी लांब पांढरी तार घेऊन, पहिल्या वेढ्याच्याच दिशेने दुसरा वेढा दिला. दोन्ही सांधे ओढून पाहिले. गाडी सुरू केली. टायमिंग लाइटवर ८२०, काट्यावर ८०० च्या पुढे. मग ३,०००. मग ४,०००. मुलाने ५,००० पर्यंत नेले तेव्हा आप्पांनीच हात वर केला.

"गॅरेजात उभ्या गाडीचे एवढेच खरे. रस्त्यावर पाहू."

पुढच्या शनिवारी दोघे अ‍ॅबिंग्डनला निघाले. कारखाना १९८० मध्येच बंद झाला असल्याने तेथे पाहण्यासारखे फारसे नाही, असे मुलाने बजावले होते. तरी गाडीला तिचे गाव दाखवायचे आहे, असे आप्पांचे म्हणणे. आईने डबा दिला आणि दोनच आसने असल्याबद्दल समाधान व्यक्त केले. वाटेत एका सरळ रस्त्यावर मुलाने ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून चौथ्या गिअरमध्ये गाडी ताशी ५० मैलांवर स्थिर केली. वेग फोनच्या जीपीएसवर वाचायचा होता. गाडीच्या स्वतःच्या वेगमापकाला साक्षीला बोलावायचे नाही, असे ठरले होते. या गाडीत चौथ्या गिअरला इंजिनाच्या दर १,००० फेऱ्यांमागे वेग ताशी १७.९ मैल पडतो. आप्पांनी घरीच भागाकार करून ठेवला होता: ५० मैलांना २,७९३ फेरे, ६० मैलांना ३,३५२.

५० वर काटा २,८०० च्या रेघेला अलीकडून टेकला. ६० वर ३,३०० आणि ३,४०० यांच्या मध्ये, आणि तेथे तो हलला नाही. आप्पांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले, खाली तारीख घातली आणि डोळे मिटून काही वेळ नुसता आवाज ऐकला.

थेम्सच्या पुलाजवळ डबा उघडला तेव्हा त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा एक चिटोरा काढला. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते: पांढऱ्या तारेचे दोन वेढे, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलसाठी, पॉइंट पुन्हा बसवल्यास पडताळणी करावी. खाली तारीख आणि सही. घरी गेल्यावर हा दोऱ्याने मीटरच्या मागे बांध, असे त्यांनी सांगितले.

"पुढच्या मालकाला मराठी कुठून वाचता येणार, आप्पा?"

"म्हणून खाली अर्धी जागा सोडली आहे. तेथे तू इंग्रजीत लिही," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिल पुढे केली.